उजवीकडे वळणाऱ्या बायका

पाहणी होणार म्हटल्यावर आमच्या सायकलवर्गात सगळ्यांची घाबरगुंडी उडाली. वर्ग चाळिशी उलटलेल्या बायकांचा, अंगण वाचनालयामागचं, सायकली एका संस्थेच्या आणि शिकवायला टपाल वाटून निवृत्त झालेली मावशी. वर्ग चालू असेपर्यंत सायकल घरी वापरायला मिळायची. वर्ग बंद, की सायकलही गेली.

माझं सगळं त्या सायकलवर अडलं होतं. नदीपलीकडच्या बेकरीत मला पहाटेच्या पाळीचं काम मिळालं होतं आणि त्या वेळी बस नसते. त्यातून एक गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. मला डावीकडे वळता येत नव्हतं. सरळ मी झकास जायची, उजवीकडे तर अशी वळायची की बघत राहावं. पण डावीकडे वळायचं म्हटलं की हातपाय ताठ. एक तर आडवी व्हायची, नाहीतर नाकासमोर जाऊन आदळायची. आणि पूल नेमका डाव्या हाताला.

संस्थेकडून पाहणीला आलेली मुलगी तरुण, हसरी. म्हणाली, "मी प्रश्न आणलेलेच नाहीत. वर्ग चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचं, ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आणि नुसत्या शिकणाऱ्या नकोत हं. घरचे, शेजारी, दुकानदार, ज्यांचा ज्यांचा या वर्गाशी संबंध आला, त्या सगळ्यांना उद्या बोलवा."

झालं! आम्ही घरोघर फिरून एकेकाला पढवून ठेवलं. सासूबाईंना मी बजावलं, "आई, नुसतं छान म्हणायचं."

"मी कधी कोणाला वाईट म्हणते का?" त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात कौतुकाचा नुसता पूर. "वर्गाला जायला लागल्यापासून ही घरात चिडतच नाही," माझा नवरा म्हणाला. धादांत खोटं, पण ऐकायला बरं वाटलं. आमच्याच वर्गातल्या नर्सबाईंच्या मुलीने तर असं भाषण ठोकलं की मावशीने डोळे पुसले.

"वा!" पाहणीवाली खूश झाली. "म्हणजे सगळ्या शिकल्या, काम फत्ते. तसं कळवते. मग या सायकली दुसऱ्या वस्तीला देता येतील."

आमचे चेहरे खर्रकन उतरले. स्वतःच्या तोंडाने आम्ही स्वतःचा वर्ग बंद पाडला होता. माझ्या डोळ्यांसमोरून बेकरी निघून चालली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाचा शिंपी उठला. "सगळ्या शिकल्या, तर मग माझ्या दुकानात सायकलसकट का शिरतात?"

मी जमिनीकडे बघत बसले.

"शिरणारच," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना डावीकडे वळता कुठे येतंय? मी रोज खिडकीतून बघते. गल्ली संपली की घरं डावीकडे, आणि या बायका उजवीकडे वळून अख्ख्या वाचनालयाला वळसा घालून घरी येतात. चुकून कधी डावीकडे वळायला गेल्या, की सरळ समोरच्या याच्या दुकानात."

मेले! भर सभेत अब्रू गेली. पण... या बायका?

"म्हणजे तुलाही येत नाही?" नर्सबाईंनी माझा दंड धरला.

"तुम्हालाही?"

"आणि मला!" मागून आवाज आला. "मलाही!" "अगं, मला वाटलं माझ्या एकटीच्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे!"

मावशीने कपाळावर हात मारला. "टक्कर नको म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकाच बाजूने फिरवलं की गं मी!" असं म्हणून ती जी हसायला लागली, ती थांबेचना. मग सगळेच हसत सुटले. शिंप्याला तर ठसकाच लागला.

"मग काम फत्ते नाही!" पाहणीवाली ओरडली.

"मुळीच नाही!" आम्ही एका सुरात ओरडलो. नापास झाल्याचा इतका आनंद आजवर कोणाला झाला नसेल.

कसोटी तिथल्या तिथे ठरली: पुलाकडे न पडता वळता आलं पाहिजे. आणि अख्खी सभा अंगणात उतरली. आम्ही उलट्या बाजूने फिरायला लागलो आणि धडाधड एकमेकींच्या अंगावर पडलो. नवरा माझी सायकल मागून धरून धावत होता. शिंपी ओरडत होता, "माझ्या दुकानाकडे बघू नका, वळणाकडे बघा!" मी पडले, उठले, पुन्हा पडले. गुडघा सोलवटला आणि हसून हसून पोट दुखायला लागलं. नवरा दमून खाली बसला ते मला कळलंही नाही. हँडल डावीकडे झुकलं, मीही झुकले, आणि सायकल उभीच!

"आई! बघताय ना?"

सासूबाई टाळ्या पिटत होत्या आणि रडतही होत्या.

"अहवालात काय लिहू?" पाहणीवालीने विचारलं.

"लिही, वर्ग अजून पुष्कळ दिवस लागणार आहे," सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आणि सगळ्यात वर लिही, आमची सून डावीकडे वळली."