कुंताबाईची भुवई

कारध्याला पुलाकडून गावात शिरलं की डाव्या हाताच्या गल्लीत, शेवटच्या घरामागं, एक टिनाचा शेड आहे. त्या शेडात ताराचंद जुन्या गाड्या उठवतो. दुरुस्त करतो म्हटलेलं त्याला खपत नाही. दुरुस्ती पंक्चरची होते, म्हणतो. मेली गाडी उठवावी लागते. नागपूरचे, रायपूरचे शौकीन लोक ट्रकवर घालून इथं अँबॅसडर आणतात, फियाट आणतात, स्प्रिंगचे पाटे मोडलेल्या जीपा आणतात. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या चिंचेखाली पडलेल्या, कोंबड्यांनी अंडी घालून घालून घाण केलेल्या गाड्या. आणि त्याच गाड्या काही महिन्यांनी स्वतःच्या चाकांवर वैनगंगेचा पूल ओलांडून जातात. थट्टा नाही बाप्पा.

पण जायच्या आधी गाडी पास व्हावी लागते. ताराचंदकडं लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आहे. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मग मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून, गाडी गिअरमध्ये टाकून, एकेका चाकापाशी तसंच. सगळं मनासारखं वाजलं की तो उठून म्हणणार, "बोलून राहिली! साफ!" आणि मगच नारळ फुटणार. तोवर मालक दारात तळमळत उभा असला तरी चावी मिळायची नाही.

त्या वेळी शेडात कोणी बोलायचं नाही, आणि बायकोनं तर यायचंच नाही. नवी नवरी होती तेव्हा कुंताबाई एकदा कौतुकानं चहा घेऊन गेली होती. त्यानं पेचकस खाली ठेवला नि म्हणाला, "तुया बांगड्या वाजतेत वो. मले इंजिन आयकू येत नाई." झालं! तेव्हापासून बाई स्वयंपाकघरात. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडते कुठं, तर नेमकी शेडाच्या तोंडावर. पोळ्या लाटता लाटता, भात वैरता वैरता तिनं इतक्या वर्षांत इतकी इंजिनं ऐकली की विचारू नका. सुट्या भागांची नावं तिला येत नव्हती, आजही येत नाहीत. पण कोणती गाडी सुखात आहे आणि कोणत्या गाडीला दुखतं आहे, हे तिला पलीकडच्या खोलीतल्या लेकराच्या रडण्यासारखं कळायचं.

आणि गेल्या पोळ्यानंतर तिला आणखी एक गोष्ट कळली. हाक मारली तर नवरा भलतंच उत्तर देतो. कुकरच्या शिट्ट्या होत राहतात आणि हा शेजारी बसून बिडी ओढत राहतो. एक दिवस शेडात जीप सुरू होती. कुंताबाई मागच्या दारानं हळूच आत गेली आणि त्याच्या पाठीशी उभी राहिली. पेचकस त्याच्या कानाला होता. हल्ली तो डोळे मिटत नसे. नजर स्वयंपाकघराच्या रिकाम्या खिडकीवर लागली होती. तिनं जीव मुठीत धरून दोन्ही हात वर केले आणि कोपरापर्यंतच्या बांगड्या खळाखळा वाजवल्या. ताराचंद हलला नाही.

चहाची वाट पाहून राहिले बिचारे, असं तिच्या मनात आलं. ती आल्या पावली परतली, चहा ठेवला, आणि चुलीपुढं पदर तोंडात घालून रडली.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. अहो, पण कसं? बहिऱ्या माणसाला तू बहिरा झालास हे हळू आवाजात कसं सांगता येईल? ओरडूनच सांगावं लागणार. आणि भिंतीपलीकडं चंदा राहते, जिला गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं किती झाली हेही कुत्रीच्या आधी माहीत असतं. आज चंदाला कळलं की उद्या भंडाऱ्याला, परवा नागपूरला. कानानं गाड्या पास करणारा मिस्त्री बहिरा! कोण आणील मग गाडी? आणि गाड्या नसल्या तर ताराचंदनं सकाळी उठून करायचं तरी काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. कुंताबाईनं ठरवलं, आपल्याला कळलं हे त्यांना कळू द्यायचं नाही. मरेपर्यंत नाही.

ते तिनं निभावलं असतंही. पण लाखांदूरच्या भय्याजीची अँबॅसडर आली.

भय्याजीची राईस मिल आहे. ही गाडी त्याच्या आजोबांची. त्याची आई चंद्रभागाबाई याच गाडीतून नवरी होऊन लाखांदूरला आली होती. आता म्हातारीनं हट्ट धरला होता की एकदा त्याच गाडीत बसून पवनीला माहेरी जायचं, मग देवानं कधीही न्यावं. ताराचंदनं पावसाळाभर गाडीवर जीव काढला. पत्रा ठोकला, सीटा भरल्या, इंजिन उतरवून चढवलं. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि एका दुपारी गाडी ठोकळ्यांवर चढली. दुसऱ्या दिवशी भय्याजी आईला घेऊन येणार होता.

कुंताबाई खिडकीत तांदूळ निवडत होती. इंजिन छान चाललं होतं. मग ताराचंदनं गिअर टाकला, मागची चाकं फिरू लागली, आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. डाव्या चाकातून आवाज येत होता. जात्यात खडा गेल्यावर येतो तसा, दबका, खर्र खर्र. पेचकस लावायचीही गरज नव्हती.

ताराचंद त्याच चाकापाशी बसला होता. पेचकस कानाला, आणि नजर सरळ तिच्याकडं.

बाईनं मनात म्हटलं, आपण तोंड वाकडं केलं तर त्यांना कळेल, की हिला ऐकू येतं ते आपल्याला येत नाही. तिनं स्वतःला सावरलं. सूप पुन्हा हलवलं. आणि नवऱ्याकडं पाहून चांगली हसली.

ताराचंदही हसला. उठला, पँट झटकली. "बोलून राहिली! साफ!"

त्या संध्याकाळी तिला घास गेला नाही. नागपूरहून अमरचा, लेकाचा, फोन आला; त्याच्याशीही ती धड बोलली नाही. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, शेड बंद करा नि चला इकडं. भय्याजीला परस्पर सांगावं, तर नवऱ्याच्या पाठीत सुरा. न सांगावं, तर उद्या ती म्हातारी त्या चाकावर बसणार. सांगा बरं, काय करावं माणसानं?

सकाळी ताराचंद गाडीला कपडा मारत होता. कुंताबाई शेडात आली. हातात चहा नाही, काही नाही. सरळ डाव्या चाकापाशी गेली आणि जमिनीवर बसली.

"काहून वो? काय झालं?"

तिनं हातानं खूण केली, चाक उचला.

"काल तं पास केली ना! भय्याजी येऊन राहिला आता." पण बाई हटेना. भिंतीपलीकडं चंदा कपडे झटकत होती, म्हणून तोंडही उघडेना. ताराचंद बडबडला, चिडला, शेवटी जॅक लावला. ठोकळे सरकवले. गिअर टाकून, वैतागून तिच्याजवळ येऊन बसला. "हं, बोल."

तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात फिरत्या चाकामागं, अॅक्सलच्या टोकावर, सपाट दाबून ठेवला.

तो काढून घेणार होता. पण थांबला. मग उठला, पलीकडच्या चाकामागं हात ठेवला. परत आला. पुन्हा इकडं ठेवला. गाडी बंद केली आणि चाक खोलायला बसला. ड्रम निघाला, शाफ्ट ओढला, बेअरिंग निघाली. ती जुनीच होती. नवीपेक्षा जुनं लोखंड बरं, म्हणून त्यानं धुऊन परत बसवली होती. रॉकेलमध्ये बुडवून पुसली तर गोळ्यांवर देवीच्या वणांसारखे खड्डे. पवनीच्या अर्ध्या वाटेत चाक शाफ्टासकट बाहेर आलं असतं.

ताराचंद बराच वेळ ती बेअरिंग बोटांत फिरवत बसला.

"पण काल तं तू हासली होतीस," तो कुजबुजला.

कुंताबाईला कळलं नाही.

"म्या तुयाकडंच पाह्यत होतो ना वो. दोन साल झाले, तुयाकडंच पाह्यतो. मले नाई येत आयकू. गाडी खराब वाजली का तुयी भुवई चढते. तुले मालूम नाई, पण चढते. चढली का म्या खोलतो. नाई चढली का पास करतो." त्यानं बेअरिंग खाली ठेवली. "तू एकोडीले बहिणीकडं गेलतीस, तवा एक फियाट अशीच सोडली म्या, आपल्या मनानं. साकोलीपरेंत नाई गेली. तवापासून तू घरी नसली का म्या गाडी पासच करत नाई. काल तू हासली. म्या म्हटलं, साफ आहे."

आता कुंताबाईला कळलं. म्हणजे ती नजर चहासाठी नव्हती. त्याचे कान तीच होती, आणि काल नवऱ्याची लाज राखायला म्हणून ती हसली होती. त्या हसण्यावर एक म्हातारी आपल्या लेकासकट मेली असती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"मले काहून नाई सांगतलं?" तिनं विचारलं. तिच्या ओठांकडं पाहून त्यानं ते वाचलं.

"कसं सांगू? तू मोठ्यानं बोलाले लागली असती. चंदानं आयकलं असतं."

ती हसली नाही, रडलीही नाही. दोघंही एकाच भिंतीला भ्यालेले, आणि एकमेकांपासून लपवत बसलेले. त्यानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुसत उभा राहिला, कारण बाहेर भय्याजीची गाडी थांबली होती.

भय्याजीनं आईला हात धरून उतरवलं. चंद्रभागाबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यात फूलही होतं. चाक काढलेली गाडी पाहून भय्याजीचं तोंड उतरलं. "ताराचंदभाऊ, हे काय? काल तं म्हणाले तयार आहे."

"काल चुकलं माह्यं," ताराचंद म्हणाला. "भय्याजी, मले आयकू येत नाई. दोन साल झाले. बहिरा झालो मी."

आपला आवाज केवढा चढला हे त्याला कुठं कळणार? अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पलीकडं चंदाचं कपडे झटकणं थांबलं. कुंताबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

भय्याजीनं विचारलं, "मंग एवढ्या गाड्या पास कोणं केल्या?"

ताराचंदनं बायकोकडं बोट केलं. "इनं. बेअरिंगही इनंच पकडली. म्या तं तुमाले मारलंच असतं."

भय्याजी कधी गाडीकडं, कधी कुंताबाईकडं पाहू लागला. तो काय बोलला असता कोणास ठाऊक. पण म्हातारी शेडातल्या खाटेवर जाऊन बसली होती. "उभा काय ऱ्हायला? मायेर काई पळून नाई चाललं माह्यं," ती लेकाला म्हणाली. "बाई, पानी दे व मले. आन् तू जाय रे, काय सामान लागते थे आन."

भय्याजी पुलापलीकडं भंडाऱ्याला जाऊन नवी बेअरिंग घेऊन आला. ताराचंदनं ती बसवली, शाफ्ट सारला, चाक चढवलं. दुपार कलली होती. मग त्यानं भय्याजीला गाडीत बसवलं, आणि लाकडी मुठीचा पेचकस आपल्या कानाला न लावता कुंताबाईच्या हातात दिला. स्वतः तिच्यासमोर उकिडवा बसला. आता खिडकी मध्ये नव्हती.

चाक फिरू लागलं. तिनं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. आणि जे आयुष्यभर भिंतीआडून ऐकलं होतं ते पहिल्यांदा अंगात शिरलं. खडा नाही, खरखर नाही. एकसारखा, खोल, शांत आवाज. एवढं जवळून हे ऐकत होते, आणि एवढं सगळं त्यांचं गेलं, कोणाला न सांगता गेलं, असं तिच्या मनात आलं आणि तिचा बांध फुटला. तोंड वेडंवाकडं झालं, डोळे गळू लागले.

"बंद करा!" ताराचंद ओरडला. "बंद करा भय्याजी! अजून खराब आहे!"

इंजिन थांबलं. ताराचंद पाना घेऊन चाकाला भिडलासुद्धा.

कुंताबाईला आधी काही कळेना. मग कळलं. त्यानं तिचं तोंड पाहिलं होतं. त्याला दुसरं काय दिसणार होतं? इथून पुढं चालू गाडीपुढं आपलं तोंड आपलं नाही. मनात काहीही येवो, रडायचं नाही, उगाच हसायचं नाही.

तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. पदरानं दोन्ही डोळे कोरडे केले. त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, आणि त्याला ओठ नीट दिसतील अशी हळूहळू बोलली.

"गाडी साफ आहे. रडू माह्यं आहे."

त्यानं तिच्या भुवयांकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग भय्याजीला हात केला, आणि भय्याजीनं पुन्हा चावी फिरवली.