सगळ्यात खराब जमीन

काका इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले, तेव्हाच तिने ओळखलं, की यांना काहीतरी हवंय. पुतणी नकाशे करते म्हणजे नेमकं काय करते, हे विचारायची तसदी त्यांनी आजवर घेतली नव्हती.

सौरऊर्जेसाठी जागा शोधायचं काम तिच्याकडे होतं. पिकाची जमीन सोडायची, कारखान्यांनी नासवलेली घ्यायची. उपग्रहाची चित्रं, मातीच्या तपासण्या, विजेच्या तारा असं सगळं संगणकावर एकावर एक ठेवलं, की योग्य जागा जांभळ्या दिसत. काकांच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यावर मात्र जांभळा ठिपकासुद्धा नव्हता.

"शेजारचं गोदाम घेताय आणि आम्हाला वगळता?" काका खुर्चीत रेलून म्हणाले.

"तुमची माती स्वच्छ आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. तपासणीवाल्यांना तर फाटकाच्या आतही घेतलं नाहीत."

"अगं, ते तेव्हाचं! आमच्याएवढी खराब जमीन या भागात कुणाची नाही. हातभर खण, माती निळी लागते निळी!"

तिला शिसारी आली. कारखान्यामागच्या त्यांच्या गल्लीतल्या विहिरीच्या पाण्याला वास येतो असं आई सांगायला गेली होती, तेव्हा "वहिनी, तुमचं नाक फार तिखट" म्हणत हाच माणूस चारचौघांत फिदीफिदी हसला होता. गल्लीतल्या लोकांना त्याने रडे ठरवलं. स्वतः मात्र बाटलीतलं पाणी प्यायचा.

"जागा ठरवायच्या आधी पालिकेत सुनावणी आहे. तिथे हे सांगाल?"

"माईकवर सांगतो!"

आणि खरंच सांगितलं. पालिकेच्या सभागृहात, घराण्याची कीर्ती सांगावी तसं. कुठे नाला सोडला, कुठे पिंपं पुरली, कुठे कुठे गवतही उगवत नाही. अधिकारी मान डोलावत होते. त्यांना सगळं ऐकायची सवय होती, समजून घ्यायची नव्हती.

मग आई उठली.

"भावजी, ही पिंपं कधी पुरली?"

"सुरुवातीपासूनच की!"

"म्हणजे आम्ही विहिरीचं पाणी पीत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी माईक चाचपला. मागून कुणीतरी ओरडलं, "बोला की आता!" पाठोपाठ सगळं सभागृह उठलं. तेव्हा कुठे अधिकाऱ्यांनी पेनं उघडली.

जमीन मंजूर झाली, पण अटींवर. आधी गल्लीला नळाचं पाणी, मग काकांच्या खर्चाने पिंपं बाहेर, त्यानंतर सौरपट्ट्या.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "घरच्या माणसानेच तोंडघशी पाडलं! बोलू नका म्हणून सांगायचंस तरी!"

"तुम्हाला खरं बोलताना पहिल्यांदाच पाहत होते," ती म्हणाली. "मध्ये पडावंसं वाटलं नाही."

तिने फोन ठेवला. शेजारी आई भाजी निवडत होती. कुणाचा फोन, हे तिने विचारलं नाही.