कायद्यात बसणारा भाऊ

समितीवर नेमणूक झाली तेव्हा वकिलाची छाती फुगली होती. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याचं घरदार कुणाला मिळावं, याचा जुना कायदा बदलायचा होता. सावत्र मुलांची बाजू तो इतक्या पोटतिडकीने मांडायचा की अध्यक्षबाई म्हणाल्या, "मसुद्यात जीव ओतलात तुम्ही."

स्वतःच्या घरातली गोष्ट मात्र त्याने कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. त्याची आणि ताईची आई एक, वडील वेगळे. ताई लहानपणी आईचं बोट धरून त्याच्या वडिलांच्या घरात आली. आईमागे म्हाताऱ्याचं आजारपण तिनेच काढलं. "घर दोघांचं," असं म्हातारा म्हणायचा, पण लिहून ठेवायची टाळाटाळ करत गेला. तो गेल्यावर वकिलाने ताईला घर सोडायला लावलं. "कायदाच तसा आहे, ताई. मी तरी काय करणार?"

लोकांचं म्हणणं ऐकायला समिती वाचनालयाच्या सभागृहात बसली, तेव्हा ताई उभी राहिली. शाळेतून थेट आली होती, बाहीला खडू लागलेला. तिने सगळं सांगितलं, फक्त भाऊ कोण ते सोडून.

"भावाने काहीच दिलं नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कायद्यात बसेल तेवढंच वागला तो."

"वकीलसाहेब, तुम्ही काय म्हणाल?"

वकिलाचे कान तापले. "फार दुर्दैवी प्रकरण आहे," तो म्हणाला.

ताईने मान खाली घातली. जणू लाज तिचीच होती.

तो जिन्यापर्यंत तिच्यामागे धावला. "ताई, नव्या कायद्यात तुला वाटा मिळाला असता गं. पण तो मागच्या प्रकरणांना लागू होत नाही."

"मला द्यायला तुला कायदा कशाला लागतो रे?"

तसाच तो आत गेला आणि सर्वांसमोर म्हणाला, "तो भाऊ मी." शेजारच्या सदस्याने आपली खुर्ची जराशी बाजूला घेतली, ते त्याला सर्वांत लागलं. त्याने समिती सोडली. पुढे कायदा झाला, तो त्याने वर्तमानपत्रात वाचला.

घर त्याने ताईच्या नावावर केलं. किल्ली द्यायला तिच्या खोलीवर गेला तेव्हा ती दारातच उभी राहिली.

"आत येऊ?"

"ये कधीतरी," ताई म्हणाली. "आज नको."