गेटवर ठेवलेलं औषध

मनिषाच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. मृणाली मॅडम डोळ्यांच्या डॉक्टर, बाई चांगल्या, पण विचारलं काय, तर "थेंब नक्की टाकता ना?"

टाकता ना! अहो, नवरा घोरत असला तरी उठून त्याची पापणी उघडत होती ती. आणि वर हे ऐकायचं?

नवरा म्हणजे किशन. दापोड्याच्या गोदामात खोकी उचलायचा. खोक्यांखालच्या लाकडी पॅलेटचं कुसळ उडून उजव्या डोळ्यात गेलं आणि बुबुळावर बुरशी धरली. भाकरीवर धरते तशी, जिवंत माणसाच्या डोळ्यात! मॅडमनी डोळा खरवडून नमुना तपासायला पाठवला. ही बुरशी कुठल्या औषधाने मरते तेही तपासून आलं, आणि तेच औषध चालू होतं.

"तिकडे लॅबमध्ये काचेच्या बशीत मरते, मग डोळ्यात का मरत नाही?" मॅडम म्हणाल्या. "ठिपका वाढलाय. असाच वाढला तर डोळा जाईल. दर तासाला थेंब पडायलाच हवा, दिवसासुद्धा."

दिवसा म्हटल्यावर किशनने मान खाली घातली. मनिषाने ते बरोबर हेरलं.

बाहेर आल्याआल्या तिने त्याला धरला. "बोल. ड्युटीवर टाकतोस का न्हाय?"

"बाटली आत नेऊ देत न्हाईत. दवाईचं गोदाम हाय ना. सकाळी गेटवर ठेवायची, सुटताना घ्यायची."

"आन् तू गप बसलास?"

"बोललो तर उद्यापासून येऊ नको बोलतील."

दिवसभर औषधांची खोकी वाहायची आणि स्वतःचं औषध गेटवर! मनिषाला हसावं का कुणाच्या थोबाडीत मारावी कळेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती गेटवर हजर. वॉचमन लडकूकाकाच्या खिडकीत, भर उन्हात, एक ट्रे होता. त्यात तंबाखूच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटं आणि किशनची बाटली. उचलली तर गरम लागली.

"काय गो, हितं कशाला आलीस?" लडकूकाका म्हणाला.

"बघायला आले, काका. तुमच्या खिडकीचे डोळे आलेत का?"

काका गडबडला. त्याने सुपरवायझर भाविकला बोलावलं. तो टूथपिक चावतच आला. "ताई, नियम सगळ्यांना सारखा. उद्या कोणी आतलीच बाटली खिशात घालील आणि म्हणेल माझी. मग मी काय करू?"

"त्यावर नाव लिवा. तुमच्या टेबलावर ठेवा. तुमच्यासमोर टाकील तो. तुमचे तर दोन्ही डोळे शाबूत हायत ना?"

"आज याला दिलं की सगळेच आणतील."

"सगळे?" मनिषाने ट्रेमध्ये हात घातला आणि दम्याचा पंप वर धरला. "हा कुनाचा?"

भिंतीच्या सावलीत जेवत बसलेल्यांतून पॅकिंगची आक्का उठली. "माझा."

"आन् दम लागला की काय करता?"

"गेटपर्यंत धावत येते," आक्का म्हणाली.

कोणी हसलं नाही. आक्का आपली घास हातात धरून उभी.

"दम लागलेल्या बाईला धावायला लावता?" मनिषाचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "लाज वाटते का जरा तरी?"

"बघतो उद्या," भाविक पुटपुटला.

"उद्या न्हाय. आत्ता!"

आता सावलीतले सगळेच उठून उभे राहिले होते. भाविकने त्यांच्याकडे बघितलं, टूथपिक थुंकली आणि ट्रे उचलून आत नेला. त्या दिवसापासून किशनच्या डोळ्यात तासातासाला थेंब पडू लागला.

काही आठवड्यांनी मॅडमनी डोळा तपासला. बुरशी मेली होती. पण बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग राहिला होता, आणि त्या डोळ्याने आता धूसरच दिसणार होतं.

"डोळा वाचला हे नशीब," मॅडम म्हणाल्या. "काही जणांना औषध उशिरा लागू पडतं."

मनिषा ताडकन उठली. "असं बोलू नका, मॅडम. औषध उशिरा लागू न्हाय पडलं. डोळ्यातच उशिरा पडलं!"

किशन चांगला डोळा तळहाताने झाकून मनिषाकडे बघत होता.

"दिसते का मी?" तिने विचारलं.

"तोंड न्हाय दिसत," किशन म्हणाला. "पन चिडलीस, तेवढं कळतंय."