सोंड जाड की बारीक

बाटलीतला मेलेला ढेकूण ढेकूणसाहेबांनी चिमट्यानं उलटा केला, भिंगाखाली धरला. सोंड जाड होती.

कीड तपासणीच्या ऑफिसात त्यांना सगळे ढेकूणसाहेबच म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा मानच जास्त होता. खाटेतला रक्त पिणारा ढेकूण हा साहेबांच्या अभ्यासातल्या खानदानातला फक्त एक बदनाम भाऊ. पिकावरचा मावा, तुडतुडे, पाण्यावर चालणारे, झाडावर बसून कानठळ्या बसवणारे, हे सगळे त्याचे चुलत-मावस. तोंडाच्या जागी सगळ्यांना सोंड. पानावरच्या ढेकणाची सोंड बारीक असली तर तो पिकाचा रस पितो. जाड असली तर अळ्यांना भोसकून खातो, म्हणजे आपला माणूस. वरून दोघे जुळे वाटतात. म्हणून नमुना उलटा केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे त्यांनी तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला दरडावून शिकवलं होतं.

आणि गेल्या महिन्यात, आत्ता समोर बसलेल्या टोमॅटोवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा, जेवायची वेळ झाली म्हणून त्यांनी स्वतः नमुना नुसता वरून बघितला होता. फवारून टाका, म्हणाले होते. बाईंनी फवारलं. ढेकूण मेले. गुंडाळलेल्या पानांत बसलेल्या अळ्यांना मात्र औषध लागलंच नाही, आणि त्यांना खाणारं आता कोणी उरलं नव्हतं. काचघरातलं टोमॅटोचं अख्खं पीक अळ्यांनी फस्त केलं.

बाईंची तक्रार नव्हती, हीच तर पंचाईत. औषधाचं प्रमाण आपणच चुकवलं, असं त्या धरून चालल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच काचघर चालवत. आता दीर म्हणत होते, वहिनी, तुम्हाला हे झेपायचं नाही, माझ्याकडे द्या. उद्या किल्ली द्यायचं ठरलं होतं. फक्त आपलं कुठं चुकलं, तेवढं कळावं म्हणून त्या मेलेले ढेकूण बाटलीत घालून घेऊन आल्या होत्या.

‘होतं असं कधीकधी’ हे वाक्य साहेबांच्या अगदी जिभेवर आलं. बाई उठूनही गेल्या असत्या. चुकीची लाज वाटत होतीच. त्या वाक्याची त्याहून जास्त वाटली.

“बाई, तुमचं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. “हे ढेकूण तुमचं पीक राखत होते. मी नीट बघितलं नाही.”

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे लिहून द्याल?”

त्यांनी ऑफिसच्या कागदावर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बाईंनी कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

“अक्षर लागत नाही हो, साहेब. जरा मोठ्यानं वाचून दाखवा. दिरांना धड सांगता यायला हवं.”

भिंगांवर वाकलेली पाच डोकी वर झाली. पाचही जण साहेबांच्याच हाताखाली शिकलेले. साहेबांनी कागद हातात घेतला, उभे राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.