खूप उकळलेलं पाणी

नोरीनच्या स्वयंपाकघरात चूल विझत नसे आणि चुलीवरची किटली रिकामी होत नसे. पाणी खाली गेलं की वरून भर घालायची, बस्स. तिच्या सासूनेही आयुष्यभर हेच केलं. दारात आलेल्याला चहासाठी ताटकळावं लागलं, तर मोनॅघन परगण्यात त्या घराची अब्रूच जाते.

पाणी घरामागच्या दलदलीखालच्या झऱ्याचं. पूर्वी त्या दलदलीवर पाय ठेवला की ती गादीसारखी दबायची आणि मूठभर शेवाळ पिळलं की पेलाभर पाणी निघायचं. नोरीनच्या मुलाने, फेलिमने, तिच्या काठाला कोंबड्यांच्या लांबलचक शेड बांधल्या. शेडचे पंखे कोंबड्यांच्या विष्ठेची नाकाला झोंबणारी हवा बाहेर फेकत आणि ती पावसाबरोबर दलदलीवरच उतरे. पाहता पाहता शेवाळ पांढरं पडून मेलं आणि तिथे कंबरेएवढं गवत माजलं.

"फुकटचं खत मिळतंय की गं दलदलीला!" शेजारचा म्हातारा पॅकी म्हणायचा. "माझ्या बापाने हाडं झिजवली, पण तिथे काडी उगवली नाही. तुझा पोरगा नुसता काठावर उभा राहतो आणि रान हिरवं होतं!"

नोरीनलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोला? हिरवं दिसलं की शेतकऱ्याच्या जिवाला बरं वाटतंच.

सोर्का, तिची सून, बाळंतपणानंतर कामावर परतली आणि तान्ही नीव आजीच्या हवाली झाली. बाळ पावडरच्या दुधावर होतं.

"नोरीन, दूध कालवायला पाणी उकळूनच घ्या हं."

"अगं, माझ्या किटलीइतकं उकळलेलं पाणी अख्ख्या परगण्यात मिळायचं नाही!"

काही दिवसांनी नीवचे ओठ काळपट दिसू लागले. थंडी बाधली असेल, असं नोरीनला वाटलं. पाण्यात काही असेल तर तेही मरू दे म्हणून ती किटली आणखी आटवू लागली. मग एका दुपारी बाळ छपरावरच्या दगडी पाटीसारखं राखाडी-निळं पडलं आणि रडेनासं झालं.

इस्पितळात काढलेलं रक्त चॉकलेटच्या रंगाचं होतं.

"घरी पाणी कुठलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झऱ्याचं. पण मी उकळते. दिवसभर उकळतच असतं."

"आजी, उकळून जंतू मरतात. हे नायट्रेट आहे, खतातला क्षार. पाण्याची वाफ होते, हे मागेच राहतं. जितकं आटवाल तितकं दाट होतं. ते पोटात गेलं की बाळाच्या रक्ताला प्राणवायू धरता येत नाही."

आपल्या हातांनी आपण काय पाजलं, या विचाराने तिला जगणं नकोसं झालं. औषधाने नीव गुलाबी झाली, पण तो विचार काही आजीची पाठ सोडेना.

पाणी तपासायला आलेल्या बाईसमोर फेलिम हुज्जत घालू लागला. "वर कुणीतरी शेणखत टाकलं असणार."

"झऱ्याच्या वर शेत आहेच कुठे? दलदल आणि तुमच्या शेड. शेवाळ जिवंत होतं तोवर तुमच्या पंख्यांतून येणारं सगळं गिळत होतं. आता ते मेलंय. खालच्या काळ्या मातीचंही पोट भरलंय, म्हणून ती तेच नायट्रेटच्या रूपात पाण्यात सोडतेय."

"पंखे बंद केले तर?" नोरीनने विचारलं.

"तरी साठलेलं निघायला कित्येक वर्षं जातील. पण बंद करायलाच हवेत."

"आणि खायचं काय, दलदल?" फेलिम उखडला. "शुक्रवारी नवी पिल्लं येतायत माझी."

"अरे, आपलं लेकरू मरत होतं!" नोरीन ओरडली. तो टोपी चढवून शेडकडे निघून गेला.

सोर्काने इस्पितळातून बाळाला आपल्या आईकडे न्यायचं ठरवलं. शुक्रवारी वाटेत बाळाला कडेवर घेऊनच ती कपडे घ्यायला तेवढी आली. नोरीनला वाटत होतं, हिने शिव्या द्याव्यात, निदान आरडाओरडा तरी करावा.

"तुमचा दोष नाही, नोरीन," सोर्का म्हणाली. "तुम्हाला कसं कळणार होतं?"

तेवढ्याने धीर येऊन नोरीनने हात पुढे केले. एकदा तरी घ्यावं बाळाला.

सोर्काने त्या हातांकडे पाहिलं. मग नीवचं पांघरूण सारखं करून तिला छातीशी घट्ट धरलं आणि गाडीत जाऊन बसली. फेलिम निरोपाला आला नाही. पिल्लांचा ट्रक रिकामा करायचा होता.