एकवीस उपवास

सहलीची तारीख ठरवताना धर्माजी गुरुजींनी एकच हट्ट धरला होता : शेवटचा दिवस पुण्यात, आणि तोही बुधवारी. खिडकीच्या सीटसाठीसुद्धा कधी न भांडणारा माणूस, म्हणून माणगाव-तळ्याकडच्या निवृत्त गुरुजींच्या मंडळाने ते मान्य केलं. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. बुधवार तेवढा मोकळा. त्या दिवशी एकादशी नाही, चतुर्थी नाही, हे धर्माजींनी कॅलेंडरात तीनदा तपासलं होतं. कारण त्या दुपारी बसमधल्या बाकीच्या एकवीस जणांना त्यांच्या मुलीकडे, मैत्रीकडे जेवायचं आमंत्रण होतं. मैत्री तिथल्या विद्यापीठात शिकवते.

चौतीस वर्षं नोकरी झाली, पण बौद्धवाडीतल्या धर्माजींच्या घरी यांतलं कुणी जेवलं नव्हतं. चहा घेत. गावात सुधारणा चहापर्यंत आली होती. भातापर्यंतचा रस्ता खराब असावा.

“बाबा, त्यांना विद्यापीठ बघायला आणा, पण जेवायचं नका सांगू,” मैत्री फोनवर म्हणाली होती.

“अगं बाय, शिकलेली माणसं हाईत ती. शिक्षक हाईत.”

“म्हणूनच म्हणते.”

सहल एकोणीस दिवसांची झाली. कोणत्या ढाब्यावर कोण रांधतं, हे कुणी विचारलं नाही. अमृतसरला सगळे लंगरच्या पंगतीत बसले, आणि मंडळाचे अध्यक्ष बुधाजी गुरुजी बसच्या माइकवरून समतेवर पाऊण तास बोलले. धर्माजींच्या पिशवीतला चिवडाही सर्वांनी मिटक्या मारत खाल्ला. तो माणगावच्या दुकानातला होता आणि पाकीट सीलबंद होतं.

बुधवारी सकाळी विद्यापीठ बघून झालं. जुनी झाडं, दगडी इमारत, तिच्यासमोर फोटो. मग बस मैत्रीच्या घराकडे वळली आणि बसमध्ये उपवासाची साथ आली.

बुधाजींना कुलदेवीचा नवस आठवला. एका बाईंनी नातवाच्या परीक्षेसाठी बुधवार धरला होता. नातू तीन वर्षांचा होता. मागच्या सीटवरच्या दोघांना एकाच डॉक्टरने लंघन सांगितलं होतं. एका गुरुजींनी तर मोबाइल कानाला लावून चुलत चुलता मारला. त्या चुलत्याच्या तेराव्याला धर्माजी स्वतः दोन वर्षांपूर्वी जाऊन आले होते.

धर्माजींनी शेजारी पाहिलं. शेजारी दत्तात्रेय गुरुजी, तीस वर्षं एकाच शाळेतले.

“माझा पण हाय आज,” दत्तात्रेय खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“कसला रे?”

“असाच. धरलाय.”

तीन जिने चढून सगळे वर मात्र आले. न जाणं बरं दिसलं नसतं. हॉलमध्ये बावीस ताटं मांडलेली. मैत्रीने दोन दिवस खपून वालांना मोड आणले होते, एकेक दाणा सोलून बिरडं केलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी. कुणाला अडचण नको म्हणून मासळी मुद्दाम टाळली होती.

बुधाजींनी हात जोडले. “काय योग बघ, पोरी. नेमका सगळ्यांचा उपवास!”

मैत्री आत गेली आणि झाकलेलं मोठं पातेलं घेऊन आली.

“वाटलंच मला, काका. साबुदाण्याची खिचडी आहे. बसा.”

जन्मभर पोरांना उत्तरं विचारणारी माणसं बुधाजींच्या तोंडाकडे बघू लागली.

“निर्जळी हाय गो,” बुधाजी म्हणाले.

बाकीच्या वीस माना हलल्या. नवसवाले, लंघनवाले, सुतकवाले, सगळे एका दमात निर्जळी झाले. पाच मिनिटांत जिन्यावर चपला वाजल्या.

धर्माजी मात्र ताटावर बसले. “वाढ.”

एकोणीस दिवसांत त्यांच्यासाठी बस एक मिनिट थांबली नव्हती. आता खाली हॉर्न वाजत होता आणि ते दुसरी भाकरी मागत होते. मैत्री भाकरी आणायला आत गेली, तेवढ्यात दत्तात्रेय वर आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

“धर्मा, चल रं. ताम्हिणीतलं हाटेल तीनला बंद होतं, मग जेवायचं वांधं...”

पुढचं त्यांनी गिळलं. त्या घरी त्यांनी गिळलेलं तेवढंच.

धर्माजींनी भात कालवला. “माझी पिशवी वर पाठव, दत्ता. मी राहतो हितंच.”

पिशवी तशी हलकीच होती. ती पोचवायला तिघं धावत आले.

तीनच्या सुमाराला सहलीच्या ग्रुपवर फोटो आला. घाटातलं हॉटेल, टेबलावर मिसळ आणि भज्यांच्या प्लेटा, भोवती एकवीस हसरे चेहरे. खाली बुधाजींनी लिहिलं होतं : ‘सहलीचा गोड शेवट. धर्माजी गुरुजींची उणीव भासली.’

मैत्री खिचडी डब्यांत भरत होती. “काय आलं, बाबा?”

धर्माजींनी फोन उपडा ठेवला. “काय न्हाय. घाटात पोचले.”

“काही खाल्लं का त्यांनी?”

“न्हाय गं,” धर्माजी म्हणाले. “उपवास हाय ना त्यांचा.”